भुरीबाई आणि साहेबाच्या सहा बाटल्या

भुरीबाई दिसायला काही खास नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ठेंगणी, रुंद हाडाची, कपाळावर देवीचे वण. लमाण तांड्याची बाई म्हटली की लोकांना आरशांचा घागरा आणि नाच आठवतो. भुरीबाईचा घागरा विटलेला होता आणि नाच तिला जन्मात जमला नाही. तिच्याजवळ होती ती जीभ. पांढरकवड्याच्या बाजारात ती दिसली की तेलवाला न सांगता आतला डबा काढायचा. जुनं तेल नव्यात मिसळलेलं तिला बोटावरच्या एका थेंबात कळायचं, आणि तिला कळलं की सगळ्या बाजाराला कळायचं.

ही जीभ तयार झाली मोहाच्या दारूवर. नाकं मुरडायची त्यांनी मुरडावीत. तांड्यात लग्न निघालं आणि मोहाची गाळली, की पहिला थेंब भुरीबाईच्या मनगटावर पडायचा. ती हुंगायची, चाटायची आणि मग चार थेंब विस्तवावर शिंपडायची. निळी ज्योत उठली तर "चालू द्या". नाही उठली तर तो माठ तिथल्या तिथे, सगळ्यांच्या देखत, झाडाच्या बुडाशी ओतायचा. लग्नघरचा धनी तांड्याचा नाईक असो नाहीतर नाईकाचा व्याही, पाहुण्याला नासकी पाजणं म्हणजे अख्ख्या तांड्याची अब्रू घालवणं. एकदा तिनं सख्खा दीर धावजी याचे दोन माठ भर मांडवात ओतून दिले. धावजी पाच वर्षं तिच्याशी बोलला नाही. "तेवढीच डोक्याले शांती," एवढंच भुरीबाई म्हणाली.

पुढे नवरा रूपसिंग गेला, दारूबंदी आली आणि मोह गाळणं थांबलं, निदान कागदावर तरी. भुरीबाई पांढरकवड्याच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याच्या बंगल्यावर भांडी घासायला लागली. यंत्रं बसवायला, दुरुस्त करायला येणारी माणसं त्या बंगल्यावर उतरत. सहा वर्षं तिनं दुसऱ्याच्या स्वयंपाकाची भांडी घासली आणि प्रत्येक पातेल्याच्या तळाशी काय चुकलं ते चाटून पाहिलं. एकसष्ट सालच्या श्रावणात जुना खानसामा गुडघे धरून गावी गेला तो आलाच नाही. चूल थंड, माणसं उपाशी. भुरीबाईनं कुणाला न विचारता चूल पेटवली आणि दोन महिने ती विझू दिली नाही.

ते स्वयंपाकघर तिला हवं होतं. कारण अगदी साधं होतं. कापूस वेचताना वाकावं लागतं, भांडी घासताना वाकावं लागतं, आणि दोन्हीकडे मागून कुणीतरी ‘आटप’ म्हणत असतं. चुलीपुढे बसलेल्या बाईची मात्र लोक वाट बघतात. पंचेचाळीस वर्षांत कुणी आपली वाट बघितलेली तिला ठाऊक नव्हती. दोन महिन्यांत तिला त्याची चटक लागली होती.

कारखान्याचे मॅनेजर पुंडलिकराव माणूस वाईट नव्हते, फक्त सदा घाबरलेले. ऑक्टोबरात रुईच्या गठाणी बांधायचा नवा प्रेस विलायतेहून आला आणि तो बसवायला क्लेग नावाचा इंग्रज साहेब आला, तेव्हा तर त्यांची झोपच उडाली. साहेब लँकेशायरचा, पन्नाशीचा, लाल मानेचा, कामाला वाघ. त्याची एक रीत होती. यंत्र कुठेही बसवलं, मग ते मिसर असो की मद्रास, ते चालू झालं त्या दिवशी तो आपल्या गावची बिअर पेटीतून काढायचा आणि दुपारच्या जेवणाबरोबर निवांत प्यायचा. लोकरी मोज्यांत गुंडाळलेल्या सहा बाटल्या त्यानं सोबत आणल्या होत्या. दारूबंदीत लागणारं परमिट खिशात होतं.

बुधवारी पुंडलिकराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"भुरीबाई, रविवारी मशीन चालू होते. साहेब बाटली काढनार, तिच्यासंगं जेवनार. त्याले शोभंल असं काही कर. नाही जमलं त नागपूरचा खानसामा बोलावतो. तो कटलेट करते, कस्टर्ड करते. तू आपली भांड्यावर."

"दोन महिने मी शिजवून राह्यली. कोनी मेलं का?"

"मेलं नाही. पन साहेबाचं पोट बिघडलं त विलायतेले पत्र जाईन."

"त्या बाटलीत कशाची दारू हाये?"

"मले काय इचारतं! मी जन्मात शिवलो नाही. भजनी मंडळाचा मानूस मी."

"मंग तिच्यासंगं काय जमते, हे मी न चाखता कसं सांगू? मीठ न पाहता वरन वाढता येते का, मॅनेजरसायेब?"

पुंडलिकरावांनी मागे-पुढे पाहिलं, जणू हवालदार फोडणीच्या डब्यात बसला होता. "परमिट साहेबाचं हाये, तुह्यं नाही."

"साहेबाले जाऊन सांगा, माही जीभ त्याच्या कामाले लावा. त्याच्याच परमिटात."

पुंडलिकराव कबूल झाले. पण साहेबाला हे सांगणार कोण? कारखान्यात नीट इंग्रजी बोलणारा एकच, फिटर धर्मपाल. मॅट्रिक झालेला, पाच वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला. भुरीबाई त्याला भिया म्हणायची, तांड्यात भावाला म्हणतात तसं. जोडीला दुसरी जीभ असावी म्हणून तिनं आधी त्यालाही चाखायला सांगून पाहिलं.

"मी पंचशील घेतलं हाये, भुरीबाई," धर्मपाल म्हणाला. "जीभ देनार नाही. भाषा लागंल तेवढी घ्या."

साहेबाला गंमत वाटली. त्यानं एक बाटली काढून तिच्या हातात दिली आणि सांगितलं, चाखून बघ आणि खरं काय ते सांग. मग तो आणि धर्मपाल कारखान्यात निघून गेले. खरं काय ते सांग, असं भुरीबाईला सांगायचं नसतं. पण हे त्या बापड्याला कुठून माहीत असणार?

गुरुवारी दुपारी तिनं बाटलीचं टोपण उंबऱ्याच्या दगडावर ठोकून उडवलं. फेस उसळून हातावर आला. रंग जुन्या गुळाच्या पाकासारखा, तो तिला आवडला. वासही वाईट नव्हता, भाजलेल्या धान्याचा. मग तिनं घोट घेतला, आणि कडुलिंबाचा पाला चघळल्यासारखं तोंड झालं. मोहाची कडू लागली म्हणजे भट्टी करपली किंवा माठ धुतलेला नव्हता, दोनच कारणं. तरी एका घोटावर निकाल देणारी ती नव्हती. उंच ओट्यावरच्या चुलीपुढे टाचा वर करून तिनं रीतीप्रमाणे चार थेंब विस्तवावर शिंपडले.

ज्योत सोडाच, विस्तव फुस्स करून विझला आणि राख तिच्या तोंडावर उडाली.

संपलं. तिच्या लेखी निकाल लागला. कुणा लबाडानं या भल्या माणसाला पाणी घातलेली, करपलेली दारू गळ्यात मारली होती, आणि रविवारी हा सगळ्या कारखान्यासमोर ती ग्लासात ओतून फजीत होणार होता. तिनं उरलेली बाटली परसातल्या लिंबाच्या बुडाशी ओतली. आता, एका भट्टीचा एक माठ नासला म्हणजे बाकीचे नासलेच, हे तांड्यातलं पोरही सांगेल. ती व्हरांड्यातल्या पेटीपाशी गेली, दुसरी बाटली काढली, चाखली, विस्तवावर शिंपडली. फुस्स. झाडाला. तिसरी. फुस्स. चौथी. लिंबाच्या झाडाची त्या दिवशी चैन झाली.

पाचवीच्या टोपणाला हात लागला तेव्हा धर्मपाल पाना विसरला म्हणून परत आला.

"भुरीबाई! काय करून राह्यल्या?"

"पाहुन्याची अब्रू वाचवून राह्यली. ह्याले कोनीतरी फसवलं, भिया. एकही पेटत नाही."

धर्मपालनं कपाळावर हात मारला. कारखान्यातला तेलकट हात, कपाळ काळं झालं. तोवर साहेबही मागून आला. उंबऱ्याशी ओळीनं मांडलेल्या चार रिकाम्या बाटल्या त्यानं पाहिल्या. त्याची मान लाल होतीच, ती लाली कानांवर चढली. तो पायरीवर बसला आणि काहीतरी पुटपुटला.

"काय म्हनते?" भुरीबाईनं विचारलं.

"म्हनते, पाच हजार मैलांवरून आनल्या होत्या."

"पाच हजार मैलांत नासनारच!"

धर्मपालनं पाना शोधायचं निमित्त केलं. साहेबानं हट्टच धरला की ती काय म्हणाली ते सांग. शेवटी त्यानं सांगितलं. साहेब तिच्याकडे बघत राहिला. तोंडावर राख, कमरेवर हात, आणि चेहऱ्यावर अपराधाची खूणही नाही. मग तो हसायला लागला, इतका की त्याला खोकला आला आणि तिनंच त्याला पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर त्यानं समजावलं, आणि धर्मपालनं शब्दाशब्दानं मराठीत आणलं. ही ऊर्ध्वपातनाची दारू नव्हे. जवाला मोड आणून ते भाजतात, उकळतात, आंबवतात आणि त्यात एका वेलीची कडू फुलं घालतात. तिचं नावच तिकडे बिटर, म्हणजे कडू. ती पेटत नाही, पेटायची नसतेच. पहिला घोट कुणालाच आवडत नाही, तिसऱ्या घोटापासून माणूस ग्लास सोडत नाही.

भुरीबाईनं हे ऐकून रिकाम्या बाटलीचं तोंड पुन्हा हुंगलं. कडूचं तिला वावडं नव्हतं. कारलं ती खायची, मेथी खायची. पण निकाल चुकला होता. तिच्या जिभेचा निकाल उभ्या जन्मात चुकला नव्हता, निदान तिला तसं वाटत होतं. (धावजीचं मत विचारायला कुणी गेलं नव्हतं.)

पुंडलिकरावांना बातमी पोचली तशी त्यांनी धोतर सावरत पोस्ट गाठलं आणि नागपूरला तार केली. परतताना त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून सांगितलं, "सोमवारी खानसामा येते. रविवारपुरतं सांभाळ. आन् त्या उरलेल्या दोन बाटल्यांले हात लावशीन त याद राख. मी यवतमाळहून बर्फ मागवतो. साहेब लोक थंड पितात."

भुरीबाई रात्री जेवली नाही. शुक्रवारी सकाळी ती धर्मपालला बखोटीला धरून साहेबापुढे उभी राहिली.

"सांगा त्याले. माह्याकडून चूक झाली. आता ती कशी प्यायची ते मले शिकव म्हना. रविवारची मले एकवार नीट करायची हाये."

साहेबाजवळ दोनच बाटल्या होत्या. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, एक शिकायला, एक प्यायला. आणि बर्फ नको. बर्फानं जीभ बधिर होते, मग जव कुठला आणि फूल कुठलं काही कळत नाही. मातीच्या माठातल्या पाण्याइतकी गार पुरे.

हे मात्र तिला लगेच पटलं. दोन्ही बाटल्या तिनं रांजणाखालच्या ओल्या वाळूत मानेपर्यंत पुरल्या. बर्फ आला तो पुंडलिकरावांनीच सरबतात घालून संपवला.

शनिवारी दुपारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर शाळा भरली. साहेब पाटावर, धर्मपाल दारात, भुरीबाई समोर जमिनीवर. पळसाच्या पानांवर तिनं घरात होतं नव्हतं ते थोडं थोडं मांडलं. बाटली उघडून तिनं आधी चार थेंब जमिनीवर सांडले तेव्हा साहेब दचकून अर्धा उठला.

"बसा, बसा! धरतीचा वाटा हाये. ओतून नाही देत."

मग दोघं कामाला लागले. शेंगदाण्याची चिक्की खाऊन घोट घेतला, तर गोडाच्या मागून कडू दुप्पट जोरानं आलं, रुसलेल्या सुनेसारखं. मिरचीचा ठेचा खाऊन घेतला, तर फेसाचे बुडबुडे जिभेवर सुया टोचल्यासारखे नाचले आणि साहेबाच्या डोळ्यांतून पाणी आलं. जवसाची चटणी आधीच कडसर, दोन कडू मिळून नुसता काढा झाला. अंबाडीची भाजी तर विचारूच नका. पितळी भांडं चाटल्याचा भास.

"कठीण हाये ही बया," भुरीबाई म्हणाली. "कोनाशीच नांदत नाही."

"माझा बाप शेतावर भाकर-कांद्यासोबत प्यायचा," साहेब म्हणाला. त्याच्या तोंडचा शब्द अर्थातच ‘पाव’ होता. भाकर धर्मपालनं केली.

भुरीबाईचा हात थांबला. तिचे आजे-पणजे लमाण, बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरलेले. तांड्यात पोराला कडू औषध पाजलं की आजी वर मिठाचा खडा चाटवायची. तिनं डब्यातून खडेमीठ काढलं, तळहातावर घेऊन चाटलं आणि वर घोट घेतला.

ती एकदम सरळ बसली. पुन्हा मीठ, पुन्हा घोट.

"भिया, कडू मागं सरकलं! आन् मागून काय निंगालं ठाऊक हाये? भाकर! तव्यावर लालसर झालेली, बुडाची भाकर! सांगा त्याले, त्याच्या दारूच्या पोटात भाकर हाये."

धर्मपालनं सांगितलं. साहेबानं मीठ चाटलं, घोट घेतला, आणि मान डोलावत राहिला. तीस वर्षं पीत होता, पण असं नेमकं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तिथून पुढे वाट सरळ होती. मीठ हवं, खरपूस हवं, थोडी चरबी हवी, तिखट बेतानं. बाटली संपली तेव्हा भुरीबाईचा बेत ठरला होता. बाटली संपवण्यात दोघांचाही हात होता, आणि परमिट एकाचंच होतं, पण त्याची चौकशी आता कशाला?

रविवारी सकाळी प्रेस चालू झाला. जुन्या रुईची पहिली गठाण कशी विटेसारखी चौकोनी बाहेर पडली आणि पुंडलिकरावांनी नारळ फोडताना बोट कसं फोडून घेतलं, ते सोडून देऊ. दुपारी साहेब व्हरांड्यात जेवायला बसला. ताटात ज्वारी आणि उडदाच्या पिठाची, कळण्याची जाड भाकर, दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजलेली. वर लोण्याचा गोळा. बकऱ्याची कलेजी आणि बरगड्या, रात्रभर मीठ-लसणात ठेवून निखाऱ्यावर भाजलेल्या. राखेत भाजलेलं वांगं. फोडलेला कांदा. आणि कोपऱ्यात खडेमीठ.

पुंडलिकराव ते ताट पाहून पांढरे पडले. "साहेबाले भाकर? गड्याचं जेवन वाढलं तू? कटलेट कुठी हाये?"

"तुमच्या तारेत हाये," भुरीबाई म्हणाली आणि वाळूतली बाटली पुसून पुढे ठेवली.

साहेबानं ग्लास भरला, तिच्याकडे बघून चार थेंब जमिनीवर सांडले आणि जेवायला लागला. भुरीबाई दाराच्या चौकटीला धरून उभी. भाकर मोडली, लोण्यात बुडवली, कलेजी, घोट. पुन्हा. एक अक्षर नाही. इंग्रज माणूस जेवताना बोलतो, तांड्यातला बोलत नाही. हा आज तांड्यातल्यासारखा जेवत होता. दुसरी भाकर मागितली तेव्हा ती मागितली भुरीबाईकडे, हातानं गोल करून, धर्मपालच्या मदतीशिवाय.

ग्लास रिकामा झाल्यावर तो पुंडलिकरावांकडे वळला. धर्मपालनं सांगितलं ते असं:

"साहेब म्हनतात, तीस वर्षं बंगल्या-बंगल्यांवर जेवलो. नासलेलं अन्न माहीत असून साहेबाच्या पुढं ठेवनारे खानसामे लय पाह्यले. चांगलं अन्न नासलं समजून, साहेबाची पर्वा न करता फेकनारी ही पहिली. जानेवारीत दुसरं मशीन बसवाले येनार हाये. तवा चुलीवर हीच पाहिजे."

पुंडलिकराव घाम पुसत म्हणाले, "पन मी तार केली ना, धर्मपाल!"

"दुसरी करा," भुरीबाई चौकटीतून म्हणाली.

त्यांनी दुसरी केलीही, पण ती पोचेपर्यंत नागपूरचा खानसामा निघालेला होता. सोमवारी दुपारी तो एसटीतून उतरला, पांढरा कोट, खांद्यावर ट्रंक. पुंडलिकराव ऑफिसात लपले. भुरीबाईनं त्याला बसवलं, कालच्या उरलेल्या बरगड्या आणि ताजी भाकर वाढली. जेवून होईस्तोवर त्याला कळलं की नोकरी नाही, आणि भाकरीच्या तिसऱ्या चतकोराला त्याचं फारसं काही वाटेनासं झालं. तो दोन दिवस राहिला. तिला कटलेट शिकवलं, कस्टर्ड शिकवलं. कस्टर्ड चाखून ती म्हणाली, "हे आजाऱ्याले बरं हाये," आणि पुढे खरंच ती ते आजाऱ्यांनाच द्यायची. तिसऱ्या दिवशी कारखान्यानं त्याला भाडं देऊन परत धाडलं.

हजेरीबुकात ‘खानसामा’ या शब्दापुढे बाईचं नाव कसं लिहायचं याचा पुंडलिकरावांनी आठ दिवस विचार केला. शेवटी भुरीबाईनंच सांगितलं की अंगठा तिचा आहे, शब्द कोणताही लिहा.

साहेब जानेवारीत आला. या वेळी पेटीत बारा बाटल्या होत्या, आणि सहांवर खडूनं रेघ ओढलेली होती. त्या शिकायच्या होत्या, असं त्यानं धर्मपालला सांगितलं. पण पोचल्या पोचल्या त्याला स्वयंपाकघरात शिरताच आलं नाही. दारात विटा-मातीचा ढीग पडला होता. जुन्या खानसाम्याच्या उंचीचा तो ओटा, ज्याच्यापुढे भुरीबाई पाच महिने टाचा वर करून उभी होती, तिनं गवंडी लावून फोडून टाकला होता. आत ती जमिनीवर पाय पसरून बसली होती, कोपरापर्यंत चिखलात, आणि आपल्या हाताच्या मापानं नवी चूल घालत होती.

"थांबा म्हना त्याले," ती आतून धर्मपालला ओरडली. "अजून ओली हाये. आज जेवन उशिरा होईन."

साहेब बाहेर पेटीवर बसला आणि वाट बघत राहिला.